चाकांवरच्या घराचा रहाट

आमच्या घराला चाके आहेत, असे सांगितले की पुण्याच्या नातलगांना ती थट्टा वाटते. परंतु स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि दोन माणसांचा बिछाना सामावलेली मोटार घेऊन निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने हिंडणारी जोडपी अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि गेली नऊ वर्षे आम्ही उभयता त्यांपैकीच एक आहोत. मुक्कामाच्या तळावर प्रत्येक गाडीच्या जागी एक खांब असतो. त्यावर विजेची सॉकेटे आणि शेजारी पाण्याची तोटी. तेथपर्यंत आपली केबल आणि आपली नळी पोचवली की घर नांदते होते.

सांगायला हे सोपे आहे. आमची केबल ५० अँपिअरची. १२० व्होल्टच्या दोन जिवंत तारा, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंगची, अशा चार तारा एकाच जाड वेष्टनात. लांबी ३६ फूट, आणि घरच्या काट्यावर वजन भरले पंधरा किलोंच्या आसपास. थंडीत ती अशी ताठ होते की गुंडाळताना अजगराशी झोंबी घेतल्यासारखे वाटावे. आमची कामाची वाटणी ठरलेली होती : केबल माझी, पाण्याची नळी सौभाग्यवतीची.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे होतो. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच. त्या रात्री पाणी गोठले. सकाळी निघताना नळीत बर्फाच्या कांड्या झालेल्या. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ती नळी वाकवता वाकवता सौ. पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, आता पुरे झालं असं वाटतं." नळी पुरे की प्रवास पुरे, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्याच वर्षी मी गाडीच्या कप्प्यात दोन रिळे बसवली. एक केबलचे, एक नळीचे. "बाबा, कारागिराकडे द्या ना," असे चिरंजीवांनी दोनदा सुचवले. परंतु जन्मभर यंत्रांत वावरलेल्या माणसाला हे पटणे अवघड. आजोळी विहिरीवर रहाट होता, त्याची मला सारखी आठवण येत होती. दोर ओढावा हाताने, गुंडाळावा चाकाने, एवढेच तत्त्व. केबल आणि नळी आम्ही हातानेच बाहेर ओढतो. मोटर फक्त परत गुंडाळते. ती गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, बॅटरीलगत तिचा वेगळा फ्यूज आहे, आणि बटण असे निवडले की बोट उचलताच मोटर थांबावी. कोणाची बाही किंवा पदर अडकला तर हेच बटण उपयोगी पडायचे.

खरी मेख निराळीच. रीळ फिरते, पण गाडीच्या भिंतीतली तार फिरू शकत नाही; मग वीज पलीकडे जायची कशी? त्यासाठी रिळाच्या आसावर धातूच्या कड्या असतात आणि त्यांना टेकून घासत राहणारे ब्रश. पाण्याचेही तसेच : आस पोकळ, आणि फिरत्या सांध्यात रबराची कडी. या सोयीमुळे केबल अर्धी रिळावर असतानाही वीज वाहू शकते. माझी चूक येथेच झाली.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही ॲरिझोनातील टूसान गावी उतरलो. खांब गाडीच्या अगदी कुशीत होता. दोन वाव केबल ओढली, प्लग लावला, आणि बाकीची रिळावरच राहू दिली. दुपारी छतावरची दोन्ही थंड हवेची यंत्रे आणि पाणी तापवण्याचा हीटर एकदम चालू होता. मी पंचांग चाळत होतो. बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या सौ.ने हाक मारली, "अहो, हे दार बघा बरं, तव्यासारखं लागतंय." कप्पा उघडला तो रबराचा उग्र वास. मी आधी खांबावरचा खटका बंद केला आणि मग घाम पुसला.

कारण माझ्यासारख्याने विसरावे असे नव्हते. प्रवाह वाहणारी प्रत्येक तार थोडी तापते; मोकळी असली तर उष्णता हवेत जाते, थरावर थर गुंडाळलेली असली तर आतल्या आत कोंडते. तीन थर असतील तर केबलची क्षमता निम्म्याहूनही खाली येते. रिळासोबतच्या पत्रकात हे छापलेले होते. मी ते वाचलेही होते.

आतले थर मऊ पडले होते, म्हणून केबल नवी घेतली. तिच्या शेवटच्या हातभर भागावर लाल पट्टी चिकटवली आहे; पट्टी दिसेपर्यंत केबल बाहेर काढायची आणि जादा लांबी जमिनीवर सैल नागमोडी पसरायची. पट्टी तपासण्याचे काम सौ.ने माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतले आहे.

गेल्या मार्चमध्ये पुन्हा सांता फेला गेलो. या खेपेस रात्रीच नळी रिती करून गुंडाळली. सौ. एका हाताने बटण दाबून, दुसऱ्या हातातल्या जुन्या पंचाने येणारी नळी पुसत उभी होती. फिरत्या सांध्यातून मात्र अधूनमधून थेंब गळतो. तिथली रबराची कडी बदलायला हवी. तूर्त खाली एक वाटी ठेवली आहे.