पडलेल्या साम्राज्याचे अवशेष

शिरड शहापूरला आमचे जाणे महिन्यातून एकदाच होते. औंढा नागनाथ तालुक्यातील हे गाव आसपासच्या लोकांना ठाऊक आहे ते तेथील मल्लिनाथ भगवानांच्या जैन मंदिरामुळे. नोकरीनिमित्त आलेली आपली दोन-तीन कुटुंबे तेथे राहतात. त्यांच्यापैकी एकाच्या घरी, पुढच्या खोलीतल्या मेजावर पांढरी चादर अंथरून, आम्ही पवित्र मिस्सा अर्पण करतो. यंदा आमचा दिवस सप्टेंबरात आला. तीन-चार दिवसांपूर्वीच, १७ तारखेला, शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होऊन गेले होते. भिंतीवरचा चुन्याचा फलक अजून पुसला गेला नव्हता.

मिस्सेला अवकाश होता म्हणून आम्ही ओसरीत बसलो होतो. घरातला तेरा वर्षांचा मुलगा, आमचा मिस्सासेवक, मोबाईलवर पाहिलेल्या एका कथेविषयी भरभरून बोलत होता. 'स्टार वॉर्स' या नावाने जगभर गाजलेल्या चित्रमालिकेतील ती कथा. ताऱ्याताऱ्यांवर पसरलेले एक दुष्ट साम्राज्य कोसळलेले असते. त्याच्या जागी नवे प्रजासत्ताक उभे राहते. पण ते कोवळे असते, त्याची सभा भांडत बसलेली असते, आणि दूरच्या ग्रहांवर जुन्या साम्राज्याचे सरदार उरलेल्या फौजा, जहाजे आणि निशाणे घेऊन दबा धरून बसलेले असतात. एवढे सांगून त्याने आम्हांस विचारले, "फादर, राज्य पडल्यावर त्याचे शिपाई जातात कुठे?"

प्रश्न मुलाचा होता, पण उत्तर सोपे नव्हते. आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, त्यासाठी ताऱ्यांवर कशाला जायला हवे? तू बसला आहेस त्या ओसरीवरूनच ही गोष्ट गेली आहे." त्याला ते थट्टेचे वाटले. १७ सप्टेंबरला त्याने भाषण म्हटले होते. त्यात स्वामी रामानंद तीर्थांचे नाव होते, सरदार पटेलांचे होते, पोलीस ॲक्शनही होती. मात्र ते सारे त्याने पाठ केले होते. आपल्या दारातले म्हणून ऐकले नव्हते.

निजामाचे हैदराबाद हा खरे म्हणजे अवशेषाचाही अवशेष होता. पहिला निजाम-उल-मुल्क हा मोगल बादशहाचा दख्खनचा सुभेदार. १७२४ साली, आपल्या शेजारच्या आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे त्याने मुबारिझखानाचा पराभव केला आणि तेव्हापासून तो नावापुरता बादशहाचा व कामापुरता स्वतःचा झाला. पण नावाचे महत्त्व किती पाहा! दिल्लीची सत्ता नामशेष होत गेली, मराठे अटकेपार जाऊन आले, इंग्रज आले, तरी १८५७ च्या उठावापर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर मोगल बादशहाचे नाव पडतच होते. या संस्थानाने इंग्रजांच्या साम्राज्याचाही आधार घेतला. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती याच आधाराची खूण. एका पडलेल्या साम्राज्याचा तुकडा दुसऱ्या साम्राज्याच्या भिंतीला टेकून उभा होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ती भिंतही निघाली.

तेव्हा मीर उस्मान अली खान यांनी काय ठरविले हे सर्वश्रुत आहे. आपले राज्य स्वतंत्र राहील, असे त्यांनी जून १९४७ मध्येच जाहीर केले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्या वर्षात कासिम रझवी या लातूरच्या वकिलाचे रझाकार गावोगाव फिरू लागले. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री-अपरात्री विमानातून शस्त्रे आणून उतरवीत होता. इकडे दिल्लीत नव्या राष्ट्राजवळ अजून स्वतःची घटनाही नव्हती. तिचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही एका हत्येच्या सावलीत. ज्या ३० जानेवारीला महात्माजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी आपल्या नांदेडकडे उमरीला स्वातंत्र्यसैनिकांनी संस्थानी बँकेवर छापा घातला होता. वसमतच्या महाविद्यालयाला ज्या बहिर्जींचे नाव आहे, ते वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात कामास आले. मिस्सासेवक ज्याला 'कोवळे प्रजासत्ताक' म्हणत होता ते असे होते. अजून बारसे व्हायचे आणि दारात हत्यारे घेतलेली माणसे.

या बोलण्याच्या वेळी शेजारचे एक आजोबा येऊन बसले होते. वय पंचाऐंशीच्या घरात. गाव त्यांचे जवळचेच, आम्ही ते येथे सांगत नाही. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "फादर, तुमी म्हणता ते पुस्तकातलं खरं आसंल. मी पेवात बसलेलो हाय."

पेव म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांस सांगावयास हवे. धान्य साठविण्यासाठी जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा हा खड्डा. आत कडब्याचे अस्तर, वर दगड आणि माती. वर्षभर ज्वारी तेथे राहते. आजोबांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते. आत विषारी वाफ कोंडलेली असते. आधी तोंड मोकळे ठेवायचे, दिवा खाली सोडून पाहायचे, मगच माणसाने उतरायचे.

१९४८ च्या उन्हाळ्यात रझाकार येत आहेत अशी हूल उठली. ज्यांचे नातलग पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात होते ते बैलगाड्या जुंपून निघाले. यांच्या वडिलांना निघता आले नाही, कारण आजी अंथरुणाला खिळली होती. पेव रिकामे होते. बायका-मुलांना त्यात उतरवून वर कडबा रचला. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. त्यांना आठवते ते एवढेच, की धाकटी बहीण रडू नये म्हणून आईने तिच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता. रझाकार त्या रात्री आले, दोन घरे लुटली, एक पेटविले आणि निघून गेले. त्यांच्या वाड्यावर आले नाहीत. का आले नाहीत, ते पुढे कळले. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या पिंजाऱ्याने त्यांना सांगितले होते की त्या घरी कोणी नाही, सगळे वऱ्हाडात गेले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेप्रमाणे १४ तारखेला पवित्र क्रुसाच्या गौरवाचा सण आणि १५ ला दुःखी मातेचा सण येतो. त्याच दिवसांत मराठवाड्याच्या रस्त्यांवरून रणगाडे चालले होते. १७ ला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ ला त्यांचे सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. पाच दिवसांत खेळ आटोपला. आमच्या मुलाचे भाषणही येथेच, टाळ्यांसह, संपले होते.

आजोबांची गोष्ट मात्र येथे संपली नाही. ते म्हणाले, "ॲक्शन झाल्यावर चौथ्या-पाचव्या रोजी बापानं पुन्हा पेव उघडलं. मला वाटलं, आता कशाला? आता तर आपलं राज आलं." त्या रात्री पेवात पिंजारी उतरला, त्याची बायको उतरली, तीन मुले उतरली. वरचा कडबा या वेळी वडिलांनी रचला. जे शोधत आले ते परमुलखातले नव्हते. गावातलेच होते, नावानिशी ओळखीचे होते, आणि त्यांतील एकाचे घर रझाकारांनी जाळलेले होते.

मुलगा गप्प झाला. आम्हीही झालो.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि त्यांचे सहकारी यांना भारत सरकारने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या मुलुखात पाठविले होते. कमी धरले तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे त्या दिवसांत मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी दिला. ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक अनर्थ घडला असे त्यांना दिसले त्यांत उस्मानाबाद होते, नांदेड होते. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो लोकांच्या वाचनात आला. त्यातच अशीही नोंद आहे की अनेक हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, आणि हा बंधुभाव एकच धंदा करणाऱ्यांत विशेष दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी प्राणही वेचले. आम्ही तो भाग वाचला तेव्हा वाटले की सेमिनरीतल्या नीतिशास्त्राच्या वर्गात शेजारधर्मावर जे तास ऐकले त्यांत असा एक तरी माग असावयास हवा होता.

आम्ही हे लिहितो म्हणून कोणी असे समजू नये की रझाकारांचे अत्याचार आम्हांस कमी वाटतात. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान स्वतः मुसलमान होते. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना भर रस्त्यात ठार मारले गेले. ज्यांची घरे जळाली त्यांना क्षमेचा उपदेश करण्यास आम्ही ओसरीवर बसलेलो नव्हतो, आणि आजोबांपुढे तो करण्याचा आम्हांस अधिकारही नव्हता. पण मुलाने विचारलेला प्रश्न मनातून जाईना. राज्य पडल्यावर शिपाई जातात कुठे?

काही तुरुंगात जातात. रझवी तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. काही मोठ्या मानाने राहतात. ज्या निजामाविरुद्ध फौजा धाडल्या त्यांनाच २६ जानेवारी १९५० रोजी नव्या प्रजासत्ताकाने हैदराबादचे राजप्रमुख केले आणि वर्षाला पन्नास लाखांचा तनखा दिला. आमच्या तरुण वाचकांना यात दुबळेपणा दिसेल. आम्हांस वाटते, त्या कोवळ्या राज्याच्या अंगी बळ होते म्हणूनच त्याला पराभूताला खुर्ची देता आली. आणि काही शिपाई कोठेच जात नाहीत. ज्यांनी त्यांना घालविले त्यांच्याच हातांत ते राहावयास येतात. मोशेमागून तांबडा समुद्र ओलांडलेल्या लोकांची कथा आपण पास्काच्या रात्री दरवर्षी ऐकतो. फारोचे रथ बुडाले, पण नंतर तेच लोक मिसरातल्या कांद्यालसणाची आणि काकड्यांची आठवण काढून कुरकुरू लागले. पुढे देशात स्थिरावल्यावर शमुवेलाकडे त्यांनी मागितले काय, तर इतर राष्ट्रांसारखा एक राजा.

संत ऑगस्तीन यांचा काळही असाच होता. ४१० साली रोम लुटले गेले आणि जगबुडी आल्यासारखे सर्वांना वाटले. त्यांनी देवनगरीविषयी आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला तो त्यानंतर. त्यांच्या स्वतःच्या हिप्पो नगरीला वँडलांचा वेढा पडलेला असताना ४३० साली ते वारले. आम्ही विद्यार्थीदशेत तो ग्रंथ वाचताना लॅटिनच्या विभक्ती मोजण्यातच दमून गेलो. साम्राज्याचा शेवट पाहणारा माणूस मागे वळून पाहत नाही, हे तेव्हा लक्षातच आले नाही.

आपण ख्रिस्ती मंडळींनी या विषयावर फार उंचावरून बोलू नये. अवशेष आपल्या घरातही होते. १९२८ साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, असा आळीपाळीने नेमला जाई. भारत स्वतंत्र झाला तेव्हाही ही पाळी कागदावर शिल्लक होती. आर्चबिशप रॉबर्ट्स या इंग्रज येशूसंघीयांनी स्वतःहून वाट मोकळी करून दिली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस या पदावर आले. खुर्ची आपणहून सोडणाऱ्या रॉबर्ट्स साहेबांची आठवण आपल्या धर्मग्रामांत आता फारशी कोणी काढीत नाही. काढावयास हवी.

मिस्सेची वेळ होत आली होती. मुलाने आजोबांना विचारले, "मग तो पिंजारी?" आजोबा म्हणाले की तो काही महिने राहिला, नंतर परभणीकडे गेला. त्याच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली होती. "आमी गेलो होतो. त्या पोरांला काय बी माहीत न्हवतं. मी बी सांगितलं न्हाई, लग्नाच्या घरात."

"आणि पेव?"

पेव बुजविले, ते म्हणाले. ज्वारी कमी झाली, सगळी हळद आली. त्या जागेवर आता पत्र्याचे शेड आहे आणि त्यात हळद शिजवायची मोठी कढई. फाल्गुनात आलात तर दाखवतो. मुलाने आम्हांकडे पाहिले. फाल्गुन म्हणजे उपवासकाळ, त्या महिन्यात आमच्या फेऱ्या अधिक असतात, तेव्हा जमेल, असे आम्ही सांगितले. मग तो मेणबत्त्या लावावयास आत गेला, आणि आजोबा, ते आपल्या धर्माचे नसूनही, मिस्सा संपेपर्यंत ओसरीवरच बसून राहिले.