लंडनचे ग्लास, ग्लासगोचं पाणी

नवापूर,
पावसाळ्याच्या तोंडावर

चि. मनूस,


फोटो मिळाला. खिडकीपाशी धरलेल्या त्या ग्लासाच्या काठाखाली पांढुरका पट्टा दिसतो आणि त्याच्या खालच्या अंगाला निळी-जांभळी झाक मारते आहे. त्या झाकेमुळेच लगोलग लिहायला बसले. जावईबापूंना सांग, मशीन बिघडलेलं नाही, दुरुस्तीवाल्याला इतक्यात बोलावू नका. तू लिहितेस की लंडनला असे डाग व्हिनेगरने निघायचे आणि ग्लासगोला आल्यापासून कितीही घासलं तरी निघत नाहीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे.

डिशवॉशरमध्ये काच धूसर होते ती दोन कारणांनी, आणि ही कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एकात पाण्यातले क्षार काचेवर येऊन बसतात. दुसऱ्यात काचेचाच अंश झिजून पाण्याबरोबर निघून जातो. वरवर पाहता दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून लोक एकावरचा उपाय दुसऱ्यावर करतात आणि काच आणखी खराब होते.

पहिलं कारण तू लहानपणापासून बघत आली आहेस. आपल्या बोअरचं पाणी जड. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि ते आंबट पाणी आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवत खाली उतरतं. बोअरमधून वर येतं तेव्हा नितळ दिसतं, पण तापवलं की त्यातला वायू उडून जातो आणि कॅल्शियमचा चुना होऊन खाली बसतो. आजीचा तांब्याचा बंब आठवत असेल. त्याच्या आतल्या नळीला पांढरा, खरखरीत थर धरायचा, दिवाळीआधी तो खरवडून काढावा लागायचा. त्या थरावर लिंबाची फोड घासली की बारीक बुडबुडे येत आणि लिंबाखाली तांबं दिसायला लागे. आम्ल चुन्याला खातं, दुसरं काही नाही. लंडनला तुझ्या व्हिनेगरने ग्लासावर हेच केलं.

जड पाण्याचा आणखी एक त्रास तुझी आई रोज सोसते. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तीच डाळ नुसत्या बोअरच्या पाण्यात घातली तर कुकरच्या शिट्ट्या होत राहतात आणि दाणा मधे टणकच राहतो. डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारं पेक्टिन असतं. ते शिजताना सुटायला हवं, पण पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट आवळतं. पावसाळ्यात पागोळ्यांखाली धरलेल्या पाण्यात तीच डाळ लवकर मऊ होते, कारण त्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची, म्हणजे कठीणपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तिथे ६०० पर्यंत सूट आहे. आपल्याकडे फिल्टर विकणारे येतात ते टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवतात. पण तो आकडा पाण्यातल्या सगळ्याच क्षारांचा असतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते त्यावरून कळत नाही. ग्लासाला, गिझरला आणि डाळीला मतलब असतो तो कठीणपणाशी. हा फरक लोकांना समजावून सांगितला पाहिजे असं मला फार वाटतं, कारण त्या मीटरच्या भरवशावर माणसं बराच पैसा घालवतात.

लंडनचं पाणीही आपल्यासारखंच जड आहे. तिथल्या जमिनीखाली खडूचा, म्हणजे चुन्याचाच खडक आहे. म्हणून तिकडच्या मशीनमध्ये तळाला मिठाचं भांडं असतं. तुला वाटलं होतं की मिठाने भांडी स्वच्छ होतात, पण ते मीठ भांड्यांपर्यंत पोचतच नाही. मशीनच्या आत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, त्यामुळे पाणी मऊ होतं. मणी कॅल्शियमने भरले की मशीन त्यांच्यावरून मिठाचं पाणी फिरवतं आणि ते पुन्हा कामाला लागतात. मीठ संपलं किंवा पाण्याच्या कठीणपणाचा आकडा मशीनमध्ये चुकीचा बसवला, की काचेवर पांढरं सावट येतं.

आता दुसरं कारण. ग्लासगो शहराला पाणी येतं ते लॉक कॅट्रिन या डोंगरातल्या सरोवरातून. पूर्वी त्या शहरात कॉलऱ्याच्या साथी येत. मग नळ आणि बोगद्यांतून हे पाणी शहरात आणलं आणि १८५९ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. हे पाणी अतिशय मऊ आहे. ते कठीण खडकावरून वाहत येतं आणि वाटेत त्याला चुना भेटतच नाही. गंमत बघ, पाण्याचा कठीणपणा साबणाच्या फेसावरून मोजायची रीत बसवली ती स्कॉटलंडच्याच माणसाने, अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या थॉमस क्लार्क यांनी. जड पाणी चुन्याने मऊ करण्याचं त्यांचं पेटंट १८४१ चं आहे.

मऊ पाणी म्हणजे चांगलंच, असं तुला वाटेल. डाळीला आणि केसांना चांगलंच. पण तू लंडनची सवय तशीच चालू ठेवली आहेस. मिठाचं भांडं भरलेलं, सगळं एकत्र असलेली मोठी टॅब्लेट आणि भांडी लखलखीत निघावीत म्हणून सर्वांत गरम प्रोग्रॅम. त्या टॅब्लेटमध्ये पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवणारी द्रव्यं असतात. लंडनच्या जड पाण्यात त्यांना भरपूर काम असतं. ग्लासगोच्या पाण्यात पकडायला कॅल्शियमच नाही, म्हणून ती काचेच्या पृष्ठभागातलेच धातूचे अंश ओढून घेतात. त्यात डिटर्जंट तीव्र अल्कधर्मी आणि पाणी साठ-सत्तर अंश तापलेलं. काच वाळूपासून केलेली. तिच्यातलं सोडियम आधी बाहेर पडतं, मग अल्क वाळूची जाळीच कुरतडायला लागतं. सुरुवातीला वरचा थर अगदी पातळ बदलतो, तेव्हा प्रकाशात ती निळी-जांभळी झाक दिसते. पुढे पृष्ठभाग खडबडीत होतो आणि काठाजवळ धूसर पट्टा उमटतो. तुझ्या फोटोत दोन्ही आहेत.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. एक ग्लास घे आणि त्याचा अर्धाच भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाव तास बुडवून ठेव. मग धुऊन, पुसून, कोरडा करून उजेडात धर. बुडवलेला भाग स्वच्छ झाला आणि वरचा धूसर राहिला, तर तो क्षार. दोन्ही भाग सारखेच राहिले, तर काच झिजली आहे. कोरडा करून बघायचं हे विसरू नकोस. ओल्या काचेवर खडबडीतपणा झाकला जातो आणि ग्लास सुधारल्यासारखा वाटतो.

झिजलेली काच पूर्ववत होत नाही. बाजारात पॉलिश मिळतं, पण ते काच आणखी घासून काढतं, घरच्या ग्लासासाठी तो खटाटोप करू नये. पाणी प्यायला ते ग्लास चालतील, टाकू नकोस. राहिलेले वाचवायचे असतील तर टॅब्लेट सोड आणि पावडर आण, म्हणजे मात्रा तुझ्या हातात राहील. पाकिटावर मऊ पाण्यासाठी दिलेल्या मात्रेपासून सुरू कर आणि भांडी स्वच्छ निघतायत तोवर कमी करत जा. काचेसाठी पन्नास अंशांच्या आतला प्रोग्रॅम लाव. भांडी आधी नळाखाली घासूनपुसून आत ठेवू नकोस. खरकटं काढून टाकलंस की पुरे, कारण डिटर्जंटला खायला मळ मिळाला नाही तर ते काचेकडे वळतं. धुणं संपलं की दार उघड, वाफेत ग्लास कोंडून ठेवू नकोस. मशीनमधला कठीणपणाचा आकडा सगळ्यांत खाली आण. तुमच्या भागाचा आकडा पाणी पुरवणाऱ्या कंपनीकडे विचारलास की मिळेल. इतक्या मऊ पाण्याला बहुतेक मशीनमध्ये मीठ लागतच नाही. रिन्स एड मात्र ठेव. त्याने पाणी थेंब न धरता पसरून वाहून जातं आणि वाळल्यावर ठिपके राहत नाहीत.

हे सगळं तुझ्या लंडनच्या मैत्रिणीला पाठवू नकोस, तिला उलटं करायला लागेल. तिने मीठ भरायचं, आकडा वर न्यायचा, मात्रा पाण्याप्रमाणे वाढवायची आणि थर बसलाच तर रिकाम्या मशीनला सायट्रिक आम्लाची एक फेरी द्यायची. व्हिनेगर रोज मशीनमध्ये ओतायचं नाही, रबराला ते सोसत नाही. आणि ब्लीचसोबत तर कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

जावईबापू म्हणतात की पूर्वीच्या पावडरी चांगल्या होत्या. लंडनच्या पाण्यापुरतं ते खरं आहे. पूर्वी त्यांत फॉस्फेट असे आणि ते कॅल्शियमला छान धरून ठेवी. पण तेच फॉस्फेट सांडपाण्यातून नद्या-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवतं, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून अमेरिकेतल्या कित्येक राज्यांनी २०१० मध्ये आणि युरोपीय संघाने २०१७ पासून डिशवॉशरच्या डिटर्जंटमधलं फॉस्फरस जवळजवळ बंद केलं. ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. ग्लासावर थोडं सावट आलं तर आपण व्हिनेगर लावू शकतो, तळ्याला काय लावणार?

आणि हो, मी दिलेला तांब्याचा गडू त्या मशीनमध्ये घालत असशील तर आजच बंद कर. तांबं काळवंडतं. त्याला चिंच आणि मीठच बरं.

व्हिनेगरची परीक्षा झाली की काय दिसलं ते कळव आणि मशीनच्या पुस्तकातल्या कठीणपणाच्या तक्त्याचा फोटो पाठव. कंपन्यांचे आकडे वेगवेगळ्या मापात असतात. जर्मन मापातला एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. तुझ्या मशीनचं माप बघून कोणता आकडा लावायचा ते लिहीन. तोवर मिठाचं भांडं पुन्हा भरू नकोस.

जावईबापूंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी,
आत्या