चैत्री एकादशी, समुद्राच्या काठाने

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या आपल्या चार मोठ्या वाऱ्या. त्यांतली चैत्रीची वारी आम्ही उभयतांनी २२ वर्षे केली. चैत्रात चंद्रभागेच्या वाळवंटातली वाळू सकाळीच तळपायाला चटका देऊ लागते. हिने गेल्या पौषात देह ठेवला, आणि यंदाची चैत्री एकादशी मला मुलाच्या घरी आली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन गावी.

पंचांगात वसंत ऋतू, बाहेर पारा ७ अंशांवर. उपवास होताच, पण एकादशीला पाय चालले नाहीत तर दिवस अपुरा वाटतो. मुलगा म्हणाला, "अण्णा, चला, समुद्राच्या काठाने जाऊन येऊ." कानटोपी घातली, मफलर गुंडाळला, निघालो.

ब्रायटनच्या मरीनापासून सॉल्टडीनपर्यंत कड्याखालून साधारण ५ किलोमीटरची वाट आहे. एका हाताला खडूचे पांढरेशुभ्र उभे कडे, दुसऱ्या हाताला समुद्र. काठावर वाळू थोडी, गारगोटीचे गोटेच फार. लाट मागे फिरली की ते एकमेकांवर घरंगळतात. हजारो चिपळ्या एकदम हलल्यासारखा आवाज होतो. वारा असा बोचरा, की हरिपाठ म्हणताना ओठ वळेनात. डोईवर तुळस घेऊन ही नेहमी चार पावले पुढे असायची. त्या सवयीने नजर पुनःपुन्हा पुढे जाई. पुढे मोकळी वाट.

गावी सांत्वनाला आलेली मंडळी म्हणत, "तुम्ही माळकरी, जन्मभर कीर्तने ऐकलेली. तुम्ही रडायचे नाही." ते बोलणे मनात रुतून होते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थिर मनाला समुद्राची उपमा आहे. नद्यांचे कितीही पाणी येवो, तो मर्यादा सोडत नाही. आम्ही देशावरची माणसे, समुद्र भेटला तो प्रवचनातच. आता तो पुढ्यात होता, खवळलेला. लाट भिंतीवर आपटून फुटत होती. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. तरी समुद्र आपल्या जागी होताच. उपमेने लाटांना मनाई केलेली नाही!

शके १२१८ मध्ये माउलींनी आळंदीला समाधी घेतली. त्या वेळी संतमेळा किती व्याकूळ झाला, ते नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांत आले आहे. ते रडले, म्हणून त्यांची भक्ती उणी झाली असे कोण म्हणेल? रडून ते घरी बसले नाहीत. कीर्तन करीत पंजाबपर्यंत गेले.

सॉल्टडीनला पोचेपर्यंत अंगात ऊब आली होती आणि हरिपाठ पूर्ण झाला होता.

ज्या माउलींच्या घरी यंदा पंगतीत एक ताट कमी झाले असेल, त्यांनी रडू आले तर येऊ द्यावे. नेम मात्र सोडू नये. पंढरीची वाट दूर असेल, तर जी वाट पायाखाली आहे तिच्यावर नाम घेत चालावे.

रामकृष्ण हरी.