पान, फूल आणि औषध

भांग हा शब्द उच्चारताच आपल्या मंडळींत दोनच प्रकारचे चेहरे दिसतात. एक होळीच्या आठवणीने हसरा, दुसरा 'शिव शिव' म्हणून वळणारा. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी घरांना ही वनस्पती परकी नाही. उज्जैनला महाकालाच्या शृंगारात ती असते, आणि आबकारी खात्याच्या परवान्याने चालणारी भांगघोट्याची दुकाने मध्य प्रदेशात उघड्यावर दिसतात. तरीही, वेदनेने रात्र जागून काढणाऱ्या माणसाने ती औषध म्हणून घ्यावी काय, असा प्रश्न घरात निघाला की सारे कुजबुजू लागतात. या विषयातला पहिला धोका आमच्या मते ही कुजबुजच होय.

आबकारी खात्यात आमची उमेदवारीची वर्षे चालू असताना १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला. एनडीपीएस या आद्याक्षरांनी तो सर्वांस ठाऊक आहे. त्याने एकाच झाडाचे भाग पाडले. झाडाचा चीक म्हणजे चरस, फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा. हे दोन्ही निषिद्ध. शेंड्यांवाचूनची नुसती पाने व बी मात्र या व्याख्येबाहेर राहिली. म्हणून पानांची भांग राज्यांच्या नियमांकडे गेली, आणि हे नियम सर्वत्र सारखे नाहीत. मध्य प्रदेशात परवान्याच्या दुकानात जी वस्तू मिळते, तिला महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. इकडून पाहुण्यांसाठी पुडी बांधून नेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. गांजाविषयी 'थोडा असला तर चालतो' हा समजही खोटा आहे. एक किलोपर्यंतचे प्रमाण कायद्याच्या भाषेत 'अल्प' खरे, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असली म्हणून बाजारातला गांजा औषध ठरत नाही.

औषध म्हणून या झाडाची ओळख मात्र जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांगेला 'व्यवायी' द्रव्याचे उदाहरण म्हणून घेतले आहे; म्हणजे पचण्याआधीच सर्व शरीर व्यापणारे. जातीफलादि चूर्णात ती आजही असते. कलकत्त्याचे डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि युरोपच्या वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले. पुढे १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेऊन मत दिले, की मर्यादित सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, अतिरेकाने दिसतो. त्या काळी आमच्या निमाडात, खंडव्याकडे, सरकारी देखरेखीखाली गांजा पिकत असे. २०१८ साली अमेरिकेत याच वनस्पतीतील एका द्रव्याचे शुद्ध औषध लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी मान्य झाले. म्हणजे औषधी गुण ही केवळ वदंता नाही. पण ती सर्व रोगांवरची संजीवनीही नाही.

आमच्या थोरल्या बंधूंना नागीण झाली. फोड सुकले, बरगडीवरची आग राहिली. अंगावर सदरा सोसवेना. कॅनडातला पुतण्या म्हणाला, "काका, इथे २०१८ पासून सारे कायदेशीर आहे, येताना बाबांसाठी तेलाची बाटली आणतो." आम्ही त्याला स्पष्ट नाही म्हटले. तिकडे जे दुकानात मिळते ते तिकडूनच सरहद्दीपार नेण्यास मनाई आहे, आणि इथल्या विमानतळावर त्याची गाठ आपल्या कायद्याशी पडली असती. मग शेजाऱ्यांनी घोट्याच्या दुकानातली गोळी सुचविली. दादांची हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिनची गोळी रोज चालू. आम्ही म्हणालो, "दादा, आधी डॉक्टरांना विचारू." ते म्हणाले, "अरे, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? या वयात भांग खायला निघालो म्हणतील."

डॉक्टर हसले नाहीत. या वनस्पतीतील द्रव्यांनी वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितले. प्रथम मज्जातंतूंच्या वेदनेची नेहमीची औषधे दिली. त्यांनी पुरता उतार पडेना, तेव्हा नोंदणीकृत वैद्यांशी बोलून विजयायुक्त औषध अगदी अल्प मात्रेत, दर आठवड्याला रक्त तपासण्याच्या अटीवर सुरू करू दिले. आग पुरती गेली नाही. पण दादा सलग चारपाच तास झोपू लागले, आणि वहिनीही.

या अनुभवातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. औषध परवानाधारक कारखान्याचेच असावे. आयुर्वेदीय औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना लागते. ती नसेल तर बाटली परत करावी. चिठ्ठी व पावती जपून ठेवावी. पोटात घेतलेल्या औषधाचा गुण यायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 'काहीच झाले नाही' म्हणून दुसरी मात्रा घेणे हाच मोठा घात. म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते, रक्तदाब उतरतो, रात्री न्हाणीघराकडे जाताना पाय घसरतो. त्या अमलात वाहन चालवू नये, मद्य जोडीला नको. गर्भवतीने, तसेच ज्यांच्या घरात मनोविकार आहे त्यांनी, यापासून दूरच राहावे. औषध कुलपात ठेवावे, नातवंडांच्या हाती लागू नये.

पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत आम्ही या झाडाकडे पंचनामा आणि जप्ती यांच्याच नजरेने पाहिले. आता वाटते, कायद्याने पान आणि फूल यांत जी रेघ ओढली, तिच्याइतकीच दुसरीही एक रेघ महत्त्वाची आहे: लपवून घेतलेले आणि सांगून घेतलेले, यांतली. पहिले लाजेच्या ओझ्याखाली घरात राहते, आणि त्याची मात्रा कोणी मोजत नाही. दुसऱ्याची मात्रा मोजली जाते, आणि अपाय झालाच तर तो वेळेवर ध्यानी येतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी वेदना सोसण्याची सवय पुण्य मानली. ती सांगण्याची सवयही आता त्यांना लावली पाहिजे.