हिंगाच्या गावाला

मनाली मागे टाकून अटल बोगदा ओलांडला की लाहौलचं खोरं लागतं. उघडेबोडके डोंगर, बोचरी थंडी, पाऊस जेमतेम. इथे काय नवीन पिकणार? अरे, हिंग!

हिंग म्हणजे गाजराच्या कुळातल्या एका रानटी झाडाचा वाळलेला चीक, बरं का! झाडाला छत्रीसारखे पिवळ्या फुलांचे झुबके येतात. मुळाला चीर दिली की चीक पाझरतो. इराण-अफगाणिस्तानात ही झाडं डोंगरावर आपोआप वाढतात. आपल्याकडे फोडणी घरोघरी, पण हिंग सगळा परदेशी. २०२० च्या आसपास वर्षाला सुमारे १,२०० टन यायचा! म्हणून पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी इराणहून बी आणलं. बी मोठं झोपाळू. शंभरातलं एखादंच उगवायचं. तरीही १५ ऑक्टोबर २०२० रोजी लाहौलच्या क्वारिंग गावात पहिलं रोप लागलं.

चीक मिळायला मात्र पाचेक वर्षं लागतात. शेजारच्या वाफ्यातला वाटाणा-बटाटा दरवर्षी पैसे देतो. हिंगवाल्या शेतकऱ्याने नुसती वाट पाहायची. त्यात पाणी साचून मूळ कुजलं, तर सगळी मेहनत वाया! चिमूटभर हिंगामागे केवढा धीर लागतो, पाहिलंत ना?