दहिवलीचें जेवणघर

कर्जत स्थानकावर उतरून उल्हास नदीचा पूल ओलांडला, कीं दहिवली लागते. तेथें आमच्या धाकट्या बंधूंचें जुनें कौलारू घर आहे. गेल्या वैशाखांत आम्ही महिनाभर त्या घरीं राहिलों.

माजघरामागचें जेवणघर हा त्या घरांतील सर्वांत काळोखा भाग. चूल जाऊन गॅस आला त्यास कितीतरी वर्षें झालीं, पण तुळयांवरचें काजळ गेलें नव्हतें. त्यांत हा शंभर इंचांहून अधिक पावसाचा मुलूख. भिंतींच्या पायथ्याशीं ओल ठरलेली. म्हणून पुरुषांची व मुलांची पंगत ओटीवर होई आणि बायका मागाहून आंत अंधारांत जेवीत. ‘आंत दिसत नाहीं,’ हें ओटीवर बसण्याचें कारण. मग बायकांना तेथें कसें दिसतें, हें कोणीं विचारलें नव्हतें, आम्हींही नाहीं. तें विचारलें आमच्या पुतणसुनेनें.

दोन वर्षांपूर्वीं तेथें चकचकीत तेलरंग देऊन झाला होता. श्रावणांत त्यास फोड आले व भाद्रपदांत पापुद्रे ताटांत पडूं लागले. तेलरंगाच्या थराआड ओल कोंडते आणि शेवटीं तीच रंगाला सोडविते. चुन्याचें तसें नाहीं. तो सच्छिद्र असल्यानें भिंत वाळते. शिवाय हवेंतील कर्बवायू शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. संस्कृतांत ‘सुधा’ म्हणजे अमृत आणि चुनाही. त्यावरूनच ‘सौध’ शब्द झाला. मुलांना हें आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें, पण त्याचा उपयोग साठी उलटल्यावर कळला.

जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडला, कारण तेलरंगावर चुना धरत नाहीं. कळीचा चुना पाण्यांत फोडून आठ दिवस मुरविला, फडक्यानें गाळला. छताला चिमूटभर नीळ घातलेला पांढरा, भिंतींना पिवडीचा पिवळा आणि खालीं तीन फूट गडद काव. हे मातीचे रंग चुन्यांत विटत नाहींत. शिवाय पाठ, हात व आमटीचे शिंतोडे लागतात ते खालच्या पट्ट्यालाच. तेथें डाग दिसत नाहींत. छपरांत कांचेचीं दोन कौलें बसविलीं. गुडघे दुखणाऱ्यांसाठीं भिंतीलगत बाक व मेज आलें.

काव पाहून आम्हीं कुरकूर केली, “हा रंग तुळशीवृंदावनाचा, जेवणघरास कशाला?”

“काका, तुळशीला शोभतो, तो आम्हांला कां शोभूं नये?” पुतणसून म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वाचकहो, असें काम करावयाचें तर तें वैशाखांतच उरकावें, म्हणजे पावसाआधीं भिंती वाळतात. आमचें काम संपलें तेव्हां अकराही माणसें एकत्र जेवावयास बसलीं. वाढून झाल्यावर भावजयही समोरच्या पिवळ्या भिंतीशीं बसली. चाळीस वर्षें जिच्या हातचें जेवलों, तिला जेवतांना आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें.