सांगून निघायचं



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं-सुना परदेशात आहेत. नातवंडं शाळेच्या वयाला आली की फोनवर पहिला प्रश्न असतो, "तिथे खायला काय देतात गं?" आमच्याकडेही तेच झालं. मुलगा-सून बर्लिनला, नात दोन वर्षांची. बीडहून मी तीन महिन्यांसाठी गेले, तेव्हा तिच्या बालवाडीचंच चाललं होतं.

तिथे बालवाडीला 'किटा' म्हणतात. जर्मनीत २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. बर्लिनमध्ये २०१८ पासून फीसुद्धा नाही, जेवणाचे पैसे तेवढे भरायचे. पण हक्क असला तरी तेव्हा जागा सहज मिळत नव्हती. सुनेने वर्षभर आधी आठ-दहा ठिकाणी नाव नोंदवलं होतं. गोवराच्या लशीचा दाखलाही लागतो, २०२० पासून तो सक्तीचा आहे.

दोन ठिकाणांहून होकार आला. एक घरापासून पाच मिनिटांवर, मोठ्या अंगणाची. पण तिथे आठवड्यातून दोनदा मांस शिजायचं. "तिच्या ताटात वाढणार नाही," म्हणाले, पण पळी-पातेली तीच. दुसरी ट्रामने वीस मिनिटांवर, जागा जुनी, स्वयंपाक मात्र पूर्ण शाकाहारी. मुलाला जवळची बरी वाटत होती, बर्फाच्या दिवसांत लेकराला घेऊन कुठे फिरायचं म्हणून. सुनेला दुसरी हवी होती. दोघांनी मला विचारलं. मी म्हटलं, "ने-आण तुम्हाला करायची आहे, तुम्हीच ठरवा. पण तिला बोलून सांगता येत नाही तोवर तिच्या ताटाची जबाबदारी आपली." त्यांनी लांबची निवडली.

सुनेने तिथे लिहून दिलं: मांस, मासे, अंडी, मध, जिलेटिन नको. उरला बटाटा. आमच्या घरी कंदमूळ येत नाही आणि तिकडच्या जेवणात बटाट्यावाचून दिवस विरळा. तो त्यांनी चालू दिला. मला जड गेलं, खोटं कशाला सांगू? पण एवढ्याशा जिवाने बाकीच्यांच्या ताटांकडे बघत उपाशी बसायचं, हेही मला पटत नव्हतं. घरात मात्र आमचा नेम तोच राहिला.

मग आला पहिला दिवस. तिथे पहिला दिवस एका दिवसात संपत नाही! पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत वर्गात बसून राहतात, सोडायचंच नाही. चौथ्या दिवशी आई थोडा वेळ बाहेर जाते, तीही सांगून. ताईंनी जवळ घेतल्यावर मूल शांत झालं तर वेळ हळूहळू वाढवायचा, नाही तर घाई करायची नाही.

आदल्या रात्री बीडहून नणंदबाईंचा फोन आला, "खेळात रमली की गुपचूप सटकायचं, मागे बघायचं नाही." आपल्याकडे असंच करतात. सून म्हणाली, "नाही हो आत्याबाई, एकदा फसवलं की ती मला दिवसभर नजरेआड होऊ देणार नाही."

चौथ्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होते. सुनेने नातीला सांगितलं, "मी बाहेर जाऊन येते." नात मोठ्याने रडली. दार बंद झालं. सून माझ्या शेजारी येऊन बसली, तिचेही डोळे भरलेले. मी मनात णमोकार म्हणत होते. थोड्या वेळाने आवाज थांबला. सून सांगितल्याप्रमाणे परत आत गेली. पुरतं रुळायला तीन आठवडे लागले.

पाठशाळेत आपण मुलांकडून पाच अणुव्रतं पाठ करवून घेतो. त्यातलं सत्य दोन वर्षांच्या लेकराशीही पाळायचं असतं, हे त्या बाकावर बसून मला नीट कळलं.

तुमच्या नातवंडांची वेळ आली की स्वयंपाकघर बघा, भांडी विचारा, आईला किती दिवस बसू देतात ते विचारा. जिलेटिनचं विसरू नका. वाढदिवसाला वाटतात त्या रबरासारख्या गोळ्यांत ते बहुधा डुकराचं असतं. आम्ही त्यासाठी बिनअंड्याच्या बिस्किटांचा एक डबा ताईंकडेच ठेवून दिला आहे.

जय जिनेंद्र.